स्नोब्लोअरचे इंजिन : अश्वशक्ती पाहावी की टॉर्क?

उत्तर अमेरिकेत घरापुढचा बर्फ काढायला जो स्नोब्लोअर वापरतात, त्याच्या इंजिनाची ओळख तीन आकड्यांनी करून दिली जाते : सिलिंडरचे आकारमान सीसीमध्ये, शक्ती हॉर्सपॉवरमध्ये आणि टॉर्क फूट-पौंडात. तिन्ही आकडे एकाच यंत्रावर क्वचितच सापडतात. कुठे नुसते सीसी, कुठे '9.50 टॉर्क', तर जुन्या यंत्रांवर ठळक अक्षरांत '8 एचपी'. मिनेसोटात किंवा टोरांटोच्या आसपास पहिल्यांदा घर घेतलेले मराठी कुटुंब हिवाळ्याआधी दुकानात जाते तेव्हा याच ठिकाणी अडते. दोन यंत्रे समोर असतात, पण तुलनेला सारखा आकडा मिळत नाही.

यावर जाणकारांचेही एकमत नाही. एका बाजूला शक्तीला महत्त्व देणारे आहेत. मिनिटाला किती बर्फ किती लांब गेला, हे ते मोजतात. दुसऱ्या बाजूला टॉर्कचे कैवारी आहेत. यंत्र कुठे अडते आणि अडल्यावर बंद पडते की तग धरते, यावर त्यांचे लक्ष असते. पुढील संवादात त्यांना शक्तिपक्ष आणि टॉर्कपक्ष म्हटले आहे.

दोघांनाही मान्य असलेला भाग आधी सांगायला हवा. टॉर्क म्हणजे शाफ्टला पीळ देणारा जोर. शक्ती म्हणजे तो जोर लावून दर सेकंदाला होणारे काम. फूट-पौंडातला टॉर्क आणि मिनिटाच्या फेऱ्या, म्हणजे आरपीएम, यांचा गुणाकार करून 5252 ने भागले की हॉर्सपॉवर मिळते. जेम्स वॉटने एका अश्वशक्तीसाठी मिनिटाला 33,000 फूट-पौंड काम धरले होते. त्याला 2π ने भागले की 5252 येतात. मेट्रिक पद्धतीत न्यूटन-मीटर आणि आरपीएम यांच्या गुणाकाराला 9549 ने भागले की किलोवॉट मिळतात. म्हणजे आरपीएम ठाऊक असेल तर एका आकड्यावरून दुसरा काढता येतो. आरपीएम न सांगता दिलेला टॉर्कचा आकडा मात्र अर्धवट राहतो, आणि वादाचे मूळ बरेचसे तिथेच आहे.

टॉर्कपक्ष : स्नोब्लोअर ही वेगाची गाडी नव्हे. बर्फात घुसणारे ऑगर मिनिटाला शंभर-सव्वाशे फेऱ्यांनी फिरते. एवढ्या सावकाश फिरणाऱ्या पात्याला वेगाचा काय उपयोग? त्याला जोर हवा. म्हणून टॉर्क पाहा, अश्वशक्ती राहू द्या.

शक्तिपक्ष : ऑगर सावकाश फिरते हे खरे, पण इंजिन 3600 आरपीएमवर फिरत असते. मधे पुली आणि गिअर आहेत, ते तुम्ही विसरता. दोन टप्प्यांच्या यंत्रात व्ही-बेल्टमुळे वेग साधारण एक-तृतीयांश होतो आणि बर्फ फेकणारा इम्पेलर 1200 च्या आसपास फिरतो. पुढे वर्म गिअर तो वेग आणखी दहापट उतरवतो. इंजिनाच्या शाफ्टवर 10 न्यूटन-मीटर असले तर तीसपट घटीनंतर ऑगरवर कागदोपत्री 300 होतात. घर्षणात काही जाते, पण मुद्दा बदलत नाही : टॉर्क गिअरने वाढवता येतो, शक्ती वाढवता येत नाही. जे वाढवता येत नाही, तेच मोजून घ्यावे.

हा युक्तिवाद बिनतोड आहे. ऑगरला किती जोर मिळेल हे इंजिनाइतकेच पुलीच्या व्यासावर आणि गिअरच्या दात्यांवर ठरते, आणि ते आकडे कोणत्याही स्टिकरवर नसतात. मोठ्या टॉर्कचे इंजिन चुकीच्या पुलीला जोडले तर त्याचा सगळा जोर बेल्ट घसरण्यात जातो. जोर फार झाला तर ऑगरच्या शाफ्टवरची शिअर पिन तुटते, कारण ती तुटण्यासाठीच बसवलेली असते. तेव्हा 'जास्त टॉर्क म्हणजे जास्त जोर' हे इंजिनाच्या शाफ्टपुरते खरे आहे. बर्फाला भिडणाऱ्या पात्यापाशी ते खरे असेलच असे नाही.

प्रत्यक्ष इंजिनांचे आकडे घेतले की चित्र स्पष्ट होते. होंडाच्या जीएक्स मालिकेतली इंजिने स्नोब्लोअरपासून पाण्याच्या पंपापर्यंत अनेक यंत्रांवर बसतात आणि त्यांचे नेट आकडे, म्हणजे एअर फिल्टर आणि सायलेन्सर लावून मोजलेले, आरपीएमसह जाहीर असतात. 163 सीसीच्या जीएक्स 160 ची शक्ती 3600 आरपीएमवर 3.6 किलोवॉट, म्हणजे 4.8 अश्वशक्ती, टॉर्क 2500 आरपीएमवर 10.3 न्यूटन-मीटर. 196 सीसीच्या जीएक्स 200 ची शक्ती 4.1 किलोवॉट आणि टॉर्क 12.4. 389 सीसीच्या जीएक्स 390 ची शक्ती 8.7 किलोवॉट आणि टॉर्क 26.5. शक्ती एका वेगावर मोजलेली आहे आणि टॉर्क दुसऱ्याच वेगावर, इकडे लक्ष द्यावे.

शक्तिपक्ष : आता हिशेब करा. जीएक्स 200 चे 4.1 किलोवॉट 3600 आरपीएमवर आहेत, तेव्हा त्या वेगावर टॉर्क 10.9 न्यूटन-मीटर भरतो. तुमचा 12.4 हा आकडा 2500 चा आहे, आणि त्या वेगावर शक्ती 3.25 किलोवॉटवर येते. काम चालू असताना यंत्र 3600 च्या आसपास राहते, मग 2500 वरच्या आकड्याची जाहिरात कशासाठी?

टॉर्कपक्ष : त्या दोन टॉर्कमधल्या फरकासाठी! 10.9 पासून 12.4 पर्यंत चौदा टक्क्यांची चढ आहे. ओझे वाढून इंजिनाचा वेग पडला की टॉर्क वाढतो आणि इंजिन सावरते. जीएक्स 390 मध्येही ही चढ पंधरा टक्क्यांच्या जवळ आहे. जीएक्स 160 मध्ये 3600 वर साडेनऊ आणि 2500 वर 10.3, म्हणजे फक्त आठ टक्के. नुसत्या अश्वशक्तीवरून हा फरक दिसला असता का?

नसता. टॉर्कपक्षाचा सर्वांत सकस मुद्दा हाच. छोट्या इंजिनावर गव्हर्नर असतो. वेग पडू लागला की तो थ्रॉटल उघडतो. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर त्याच्या हाती काही उरत नाही. त्यानंतर यंत्राला तारणाऱ्या गोष्टी दोनच : वेग पडताना वाढणारा टॉर्क आणि फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा. दुसरी क्षणभर पुरते, पहिली टिकते. वेग टॉर्कच्या शिखराखाली गेला की मात्र जोरही घटू लागतो आणि इंजिन बंद पडते. म्हणून एकट्या टॉर्कच्या आकड्यापेक्षा 3600 वरचा टॉर्क आणि शिखराचा टॉर्क यांतले अंतर अधिक बोलके आहे. ते हवे असेल तर अश्वशक्ती आणि टॉर्क हे दोन्ही आकडे, आपापल्या आरपीएमसह, हाती असावे लागतात.

बर्फ फेकण्याला प्रत्यक्षात किती शक्ती लागते, हे पाहिल्याशिवाय या वादाचा निकाल लागणार नाही. 30 सेंटिमीटर व्यासाचा इम्पेलर 1200 आरपीएमने फिरला तर त्याच्या पात्याचे टोक सेकंदाला 19 मीटर वेगाने धावते, आणि बर्फ शूटमधून, म्हणजे फेकीच्या नळीतून, साधारण त्याच वेगाने सुटतो. 24 इंची, म्हणजे 61 सेंटिमीटर रुंदीचे यंत्र 30 सेंटिमीटर जाडीच्या थरातून सेकंदाला अर्धा मीटर, सावकाश चालीने, पुढे जात आहे असे धरू. ते सेकंदाला सुमारे 0.09 घनमीटर बर्फ गिळते. बर्फ रात्री पडलेला भुसभुशीत असेल, घनमीटरला 100 किलो वजनाचा, तर सेकंदाला नऊ किलो भरतो. त्याला 19 मीटरचा वेग द्यायला किमान 1.65 किलोवॉट लागतात. जीएक्स 200 ला हे सहज जमते.

आता तेच यंत्र ड्राइव्हवेच्या तोंडाशी आणावे. नगरपालिकेचा नांगर रस्ता साफ करून जातो तेव्हा तिथे बर्फाची वरंब तयार होते : रस्त्यावरच्या मिठाने भिजलेली, दाबलेली, मधे गोठलेल्या ढेकळांची. तिची घनता घनमीटरला 400 किलोपर्यंत सहज जाते. त्याच चालीने पुढे गेल्यास सेकंदाला 36 किलोंहून अधिक बर्फ येतो आणि नुसत्या फेकण्यालाच 6.6 किलोवॉट लागतात. 4.1 किलोवॉटच्या इंजिनाकडे ते नाहीत. पाते बर्फावर आदळताना वाया जाणारी ऊर्जा आणि बेल्ट-गिअरमधले नुकसान अजून धरलेलेच नाही. ते धरले की चालवणाऱ्याला चालीचा वेग एक-तृतीयांशाहूनही खाली आणावा लागतो. जीएक्स 390 च्या 8.7 किलोवॉटवर तीच वरंब जवळजवळ दुप्पट चालीने निघते. दोन इंजिनांमधला फरक इथे घड्याळावर दिसतो, आणि तो फरक शक्तीचा आहे.

टॉर्कपक्ष : पण वेग कमी न करता माणूस तसाच पुढे गेला तर? तुमच्या हिशेबाप्रमाणे इंजिन बंद पडायला हवे. प्रत्यक्षात ते घुरघुरते, खाली येते आणि चालत राहते.

शक्तिपक्ष : चालत राहते, पण कसे, तेही पाहा. 3600 वरून 2500 वर आले की पात्याच्या टोकाचा वेग 19 वरून 13 मीटरवर येतो. बर्फ किती लांब पडतो ते वेगाच्या वर्गावर ठरते, म्हणून फेक निम्म्यावर येते. ओला बर्फ असेल तर तो शूटमध्येच चिकटून बसतो. यंत्र बंद पडले नाही, पण फेकायचे कामही झाले नाही.

टॉर्कपक्ष : निम्म्या अंतरावर फेकलेला बर्फही ड्राइव्हवेच्या बाहेरच पडतो. उलट, किलोमागे लागणारी ऊर्जा निम्मी झाली म्हणून तेच इंजिन सेकंदाला जास्त किलो उचलते.

दोघेही बरोबर आहेत, आणि त्यामागचे यांत्रिक कारण समजून घेण्याजोगे आहे. फेकताना इम्पेलरवर येणारा विरोध दोन गोष्टींवर ठरतो : सेकंदाला येणारा बर्फ आणि पात्याचा वेग. येणारा बर्फ तेवढाच राहिला आणि वेग घटला तर विरोधही घटतो. एकीकडे विरोध उतरतो, दुसरीकडे इंजिनाचा टॉर्क चढतो, आणि कुठेतरी दोन्हींचे जमते. फेकीचे ओझे अशा रीतीने स्वतःच स्वतःला आवरते. म्हणून नुसत्या ओल्या, जड बर्फाने चांगले इंजिन एकदम बंद पडत नाही, ते मंदावते.

गोठलेल्या ढेकळाचे तसे नाही. ऑगरच्या दात्याला ढेकूळ फोडायला जो जोर लागतो तो यंत्र जलद फिरो की सावकाश, तेवढाच लागतो. वेग पडल्याने हे ओझे कमी होत नाही, त्यामुळे इंजिन एका झटक्यात खाली येते. या क्षणी टॉर्कची चढ आणि जड फ्लायव्हील कामी येतात. शक्तिपक्षाची मांडणी इथे अपुरी पडते, हे मान्य केलेच पाहिजे. महाराष्ट्रात पॉवर वीडरवर याच वर्गातली पेट्रोल इंजिने असतात आणि कोरड्या, कडक रानात त्यांची परीक्षा अशीच होते : पाते माती कापते, फेकीचा प्रश्न नसतो. स्नोब्लोअरला कापणे आणि फेकणे ही दोन्ही कामे आहेत, आणि शक्तीचा मोठा वाटा फेकण्यात जातो.

एका टप्प्याच्या लहान यंत्रात ही दोन कामे वेगळीच नसतात. रबराची पाती लावलेला एकच रोटर बर्फ उचलतो आणि फेकतो. त्याचा वेग पडला की फेक लगेच कोसळते, म्हणून तिथे शक्तीचा आकडा निर्विवादपणे पुढे ठेवावा.

यानंतर प्रश्न येतो आकड्यांच्या खरेपणाचा. अमेरिकेत गवत कापणाऱ्या यंत्रांच्या इंजिनांवर छापलेली अश्वशक्ती फुगवलेली आहे, आणि एकच इंजिन वेगवेगळ्या अश्वशक्तीच्या चिठ्ठ्या लावून विकले जाते, असा आरोप करत ग्राहकांनी सामूहिक दावे लावले. त्यातला समझोता 2010 मध्ये मिलवॉकीच्या फेडरल न्यायालयाने मंजूर केला. या वादाच्या वर्षांत बऱ्याच उत्पादकांनी छोट्या इंजिनांवरून अश्वशक्ती काढून टाकली. त्या जागी सीसी किंवा ग्रॉस टॉर्क आला. स्नोब्लोअरही त्याच इंजिनांवर चालत असल्याने त्यांची स्टिकरेही बदलली.

टॉर्कपक्ष : म्हणजे टॉर्कचा आकडा जास्त प्रामाणिक ठरला.

शक्तिपक्ष : आकडा बदलला, मोजायची रीत तीच राहिली. ग्रॉस टॉर्कही उघड्या इंजिनावर मोजतात : एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही. ग्रॉस अश्वशक्तीत जो फुगवटा होता तोच ग्रॉस टॉर्कमध्ये आहे. होंडाचे जीएक्स 160 पूर्वी 5.5 अश्वशक्तीचे म्हणून ओळखले जाई. नेट पद्धतीने त्याचे 4.8 झाले. इंजिन तेच, मोजणी वेगळी.

इथे शक्तिपक्ष बरोबर आहे, फक्त एक गोष्ट त्याच्याकडून निसटते. हिवाळी इंजिनावर बहुधा एअर फिल्टर नसतोच. बर्फाळ हवेत धूळ नसते, आणि फिल्टर असता तर उडता बर्फ त्यावर बसून गोठला असता. त्याऐवजी कार्ब्युरेटरभोवती पत्र्याची पेटी असते आणि सायलेन्सरची ऊब तिच्यात खेळवलेली असते. म्हणून स्नोब्लोअरच्या बाबतीत ग्रॉस आणि नेट यांतले अंतर गवताच्या यंत्रापेक्षा कमी असावे, असे मानायला जागा आहे. पण ग्रॉसची तुलना ग्रॉसशी आणि नेटची नेटशी, हा नियम त्यामुळे सैल होत नाही.

राहिले सीसी. ते फुगवता येत नाही, कारण पिस्टनचा व्यास आणि त्याची धाव मोजली की संपले. टर्बो नसलेल्या चार-स्ट्रोक इंजिनात टॉर्क जवळजवळ सीसीवरूनच ठरतो. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या '1150' या हिवाळी इंजिनाचा ग्रॉस टॉर्क 11.5 फूट-पौंड आणि आकारमान 250 सीसी. '1450' चा 14.5 आणि 306 सीसी. होंडाच्या जीएक्स 160 चा नेट टॉर्क 7.6, जीएक्स 390 चा 19.5 फूट-पौंड. भागाकार केला तर चौघांत दर 100 सीसीला 4.6 ते 5 फूट-पौंड येतात. फरक इतका थोडा आहे की टॉर्कचे स्टिकर हे बहुतांशी सीसीचेच स्टिकर ठरते. टॉर्कपक्षाला हे रुचत नाही, पण आकडे समोर आहेत.

त्यातून एक कामचलाऊ सूत्रही निघते. फूट-पौंडातल्या शिखराच्या टॉर्कला 0.6 ने गुणले की 3600 वरची अश्वशक्ती जवळपास मिळते. जीएक्स 200 चा टॉर्क 9.1, गुणाकार 5.5, जाहीर अश्वशक्ती 5.5. जीएक्स 390 चा गुणाकार 11.7, जाहीर आकडाही 11.7. जीएक्स 160 ला ते थोडे कमी दाखवते. जुन्या इंजिनांना हे सूत्र लावू नये. टेकमसे कंपनीची इंजिने अनेक दशके स्नोब्लोअरवर होती, आणि 2008 च्या अखेरीस त्यांचे उत्पादन थांबले. तिचे 8 अश्वशक्तीचे एल-हेड इंजिन 318 सीसीचे होते. जवळपास तेवढीच, म्हणजे 8.4 नेट अश्वशक्ती, आज 270 सीसीचे ओव्हरहेड-व्हॉल्व्ह जीएक्स 270 देते. जुने यंत्र '318 सीसी' म्हणून तेवढ्याच सीसीच्या नव्या यंत्राशी ताडून पाहणे त्यामुळे फसवे ठरते.

हवेचा परिणाम दोन्ही आकड्यांवर सारखाच होतो, म्हणून त्यावर वाद नाही. उणे 10 अंशांची हवा 25 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे तेरा टक्के घन असते. थंडी इंजिनाला मदतच करते. उंची उलट वागते. दर 300 मीटरला सुमारे साडेतीन टक्के शक्ती जाते, म्हणून 1600 मीटर उंचीवरच्या डेन्व्हरमध्ये 18 टक्क्यांच्या आसपास घट धरावी.

टॉर्कपक्ष : मग घेणाऱ्याने टॉर्क पाहूच नये, असे तुमचे म्हणणे?

शक्तिपक्ष : पाहावा, पण रुंदीबरोबर. 24 आणि 28 इंची दोन्ही यंत्रांवर तेच 254 सीसीचे इंजिन बसवलेले आढळते. टॉर्क तोच, अश्वशक्ती तीच. पण 28 इंचीच्या तोंडात दर पावलाला एक-षष्ठांश बर्फ जास्त येतो. वरंबेत ते यंत्र तेवढेच सावकाश चालवावे लागेल.

टॉर्कपक्ष : आणि रोज नांगर जातो अशा रस्त्यावर घर असेल, तर मी तरीही मोठ्या सीसीचे, जड फ्लायव्हीलचे इंजिन घ्यायला सांगेन.

शक्तिपक्ष : मोठ्या सीसीचे म्हणजे जास्त शक्तीचेही. तिथे आपले भांडण नाही.

निवाडा शक्तीच्या बाजूने जातो, एका अटीवर. एकच आकडा मिळणार असेल तर 3600 आरपीएमवरची नेट शक्ती मागावी. ती नसेल तर सीसी पाहावे, आणि टॉर्कचे स्टिकर सीसीच्या जागी वाचावे. दोन यंत्रांची शक्ती सारखी असेल, तेव्हा 2500 च्या आसपासचा टॉर्क ज्याचा जास्त ते निवडावे. आलेला आकडा यंत्राच्या इंची रुंदीने भागून मगच तुलना करावी. विक्रेत्याकडे आरपीएम नसेल तर इंजिनाचा मॉडेल क्रमांक लिहून घेऊन उत्पादकाचे तपशीलपत्रक पाहावे.